पांढरे अस्वल आणि वितळता बर्फ : एक अभ्यास



पृथ्वीचे तापमान वाढत आहे, हे वाक्य आता आपल्या कानांना इतके सरावाचे झाले आहे की ते ऐकून कोणी दचकत नाही. वर्तमानपत्रात ते छापून येते, शाळेच्या निबंधात लिहिले जाते आणि सोबत बहुधा एक चित्र असते. बर्फाच्या लहानशा लादीवर एकटे उभे असलेले पांढरे अस्वल! चित्र पाहून हळहळ वाटते. परंतु त्या अस्वलाला नेमके काय झाले आहे, बर्फ गेला तर त्याचे काय अडते, आणि त्याला वाचवायचे तर कोणी काय करायचे, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. प्रस्तुत लेखात आम्ही या एकाच प्राण्याची हकीकत थोडी खोलात जाऊन मांडणार आहोत. आम्ही विज्ञानाचे पदवीधर नाही. कला शाखेचे, आणि पोटासाठी बँकेत खाती सांभाळणारे. मात्र वाचन करता करता असे ध्यानात आले की या अस्वलाचा प्रश्न मुळात जमाखर्चाचा आहे, आणि तो जमाखर्च कोणालाही समजण्यासारखा आहे.

विषयात शिरण्यापूर्वी दोन गैरसमज दूर केलेले बरे. मुलांच्या चित्रकलेच्या वहीत पांढरे अस्वल आणि पेंग्विन शेजारी शेजारी उभे असतात. प्रत्यक्षात त्यांची कधीच गाठ पडत नाही. हे अस्वल फक्त उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात, म्हणजे आर्क्टिकमध्ये राहते. पेंग्विन हा दक्षिण गोलार्धातील पक्षी आहे. दुसरे असे की, आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांत त्या प्रदेशातील माणसांना सरसकट 'एस्किमो' म्हटलेले असे. कॅनडा व ग्रीनलंडमधील हे लोक स्वतःला इन्युइट म्हणवतात, आणि परक्यांनी दिलेले ते जुने नाव त्यांच्यापैकी अनेकांना आवडत नाही. लोकांनी स्वतःसाठी पसंत केलेल्या नावाने त्यांना संबोधावे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

बर्फ हेच त्याचे शेत

सन १७७४ मध्ये ब्रिटिश नौदलातील अधिकारी कॉन्स्टंटाइन फिप्स यांनी या प्राण्याला 'अर्सस मॅरिटिमस', म्हणजे 'समुद्री अस्वल' असे शास्त्रीय नाव दिले. हे नाव अगदी यथार्थ आहे. आपण त्याला जमिनीवरचा प्राणी समजतो. पण त्याचे पोट भरते ते समुद्रावर, गोठलेल्या समुद्रावर. पूर्ण वाढलेला नर साडेतीनशे ते सहाशे किलो वजनाचा असतो, मादी साधारण त्याच्या निम्म्याने. केस पांढरे दिसतात, पण ते खरे तर रंगहीन असतात आणि त्यांच्याखालची कातडी काळी असते. एवढ्या मोठ्या देहाला थंडीत तगून राहण्यासाठी चरबी लागते, आणि ती चरबी त्याला मुख्यतः एकाच ठिकाणाहून मिळते. ते ठिकाण म्हणजे सील.

सील हा पाण्यात राहणारा परंतु हवेत श्वास घेणारा प्राणी. समुद्र गोठला की तो बर्फात भोके पाडून ठेवतो आणि श्वासासाठी अधूनमधून तिथे वर येतो. अस्वल वासावरून असे भोक हुडकते आणि त्याच्या काठाशी तासन्‌तास निश्चल बसून राहते. सीलने डोके वर काढले की झडप घालते. वसंत ऋतूत सीलची पिल्ले बर्फावर जन्मतात. ती लठ्ठ असतात आणि सावधही नसतात. मार्च ते जून हा अस्वलाचा सुगीचा हंगाम होय. पकडलेल्या सीलची चरबी ते आधी खाते. मांस पुष्कळदा कोल्ह्यांसाठी आणि पक्ष्यांसाठी उरते.

आता बर्फ नसेल तर काय होईल? अस्वल उत्तम पोहते, पण उघड्या पाण्यात सील त्याच्यापेक्षा कितीतरी चपळ असतो. पाण्यात त्याला गाठणे अस्वलाला जवळपास अशक्य आहे. म्हणजे सील आहेत, अस्वलही आहे. पण दोघांच्या मधला बर्फ नाही, म्हणून अन्न नाही. पाऊस न पडलेल्या वर्षी शेतकऱ्याजवळ जमीन असते, बियाणे असते, बैल असतात आणि तरी पीक नसते. तसाच हा प्रकार आहे.

आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर अस्वलाची चरबी हे त्याचे बचत खाते. बर्फ असतो तोवर त्यात भरणा होतो. बर्फ गेला की रोज थोडी थोडी उचल होते. मादीचे खाते तर याहून नाजूक. नर-मादीचा संग वसंतात होतो, परंतु गर्भ लगेच गर्भाशयात रुजत नाही. तो शरद ऋतूपर्यंत थांबून राहतो. तोपर्यंत मादीच्या अंगी पुरेशी चरबी साठली नसेल, तर गर्भधारणा पुढे सरकत नाही. निसर्गाने जणू आधी शिल्लक तपासायची आणि मगच कर्ज मंजूर करायचे, असा नियम घालून ठेवला आहे. हिवाळ्यात ती बिळात साधारण दोन पिल्लांना जन्म देते. पाचशे किलोहून अधिक वाढू शकणाऱ्या या प्राण्याचे पिल्लू जन्मतः एक किलोचेही नसते. बिळात ती काही खात नाही, आणि पिल्लांना दूध मात्र त्याच साठ्यातून पाजते. काही भागांत गर्भारपण आणि बाळंतपण मिळून ती आठ महिन्यांपर्यंत उपाशी राहते. पुढे पिल्ले सुमारे अडीच वर्षे आईबरोबर राहून शिकार शिकतात. त्यामुळे या प्राण्याची संख्या एकदा घटली की ती भरून यायला फार काळ लागतो.

हडसन उपसागराची नोंदवही

कॅनडामध्ये हडसन उपसागर नावाचा प्रचंड उपसागर आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर मॅनिटोबा प्रांतात चर्चिल नावाचे जेमतेम नऊशे वस्तीचे गाव आहे. (हे नाव महायुद्धातील पंतप्रधान चर्चिल यांच्यावरून नव्हे, त्यांच्या सतराव्या शतकातील एका पूर्वजावरून पडले.) या उपसागराचे वैशिष्ट्य असे की, तो हिवाळ्यात पूर्ण गोठतो आणि उन्हाळ्यात पूर्ण वितळतो. त्यामुळे इथल्या अस्वलांना दर उन्हाळ्यात जमिनीवर यावेच लागते, आणि नोव्हेंबरमध्ये समुद्र पुन्हा गोठेपर्यंत चार महिने उपासात काढावे लागतात. हे पूर्वापार चालत आले आहे. त्यात नवे काही नाही. नवे आहे ते उपासाचे दिवस वाढणे.

कॅनडाचे जीवशास्त्रज्ञ इयान स्टर्लिंग (निधन २०२४) आणि त्यांचे सहकारी यांनी इथल्या अस्वलांचा कित्येक दशके चिकाटीने अभ्यास केला. या कामाची रीत आम्हाला फार रोचक वाटली. हेलिकॉप्टरमधून गुंगीच्या औषधाची सुई मारायची, अस्वल झोपले की त्याचे मोजमाप करायचे, कानाला बिल्ला लावायचा, ओठाच्या आत क्रमांक गोंदायचा आणि एक लहानसा बिनकामाचा दात काढून घ्यायचा. झाडाच्या बुंध्याप्रमाणे या दातातही वर्षागणिक कडी पडतात. ती मोजून वय कळते. ठावठिकाणा कळवणारा पट्टा मात्र मादीच्याच गळ्यात घालता येतो. नराची मान डोक्यापेक्षा रुंद असल्याने त्याच्या गळ्यातून पट्टा निसटून पडतो!

सन १९९३ मध्ये स्टर्लिंग आणि अँड्र्यू डेरोशर यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. हवामान तापत गेले तर या अस्वलांचे काय होईल, याचा विचार त्यात मांडला होता. बर्फ आधी फुटेल, भरण्याचा हंगाम आखूड होईल, माद्यांचे वजन उतरेल, पिल्ले कमी जगतील, असा तो क्रम होता. आणि याची लक्षणे हडसन उपसागरासारख्या दक्षिणेकडच्या भागात आधी दिसतील असा त्यांचा होरा होता. तेव्हा हे केवळ अनुमान होते. १९९९ साली स्टर्लिंग यांच्याच चमूने दाखवून दिले की बर्फ खरोखरच लवकर फुटू लागला आहे आणि अस्वलांची अंगस्थिती उतरत आहे. इशारा मिळून तीस वर्षे उलटून गेली आहेत, हे विद्यार्थी मित्रांनी विशेष ध्यानात घ्यावे.

आता आकडे पाहू. १९८० च्या दशकाच्या तुलनेत इथली अस्वले आता तीन ते चार आठवडे अधिक काळ जमिनीवर काढतात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांची संख्या बाराशेच्या आसपास होती. विमानातून केलेल्या मोजणीत २०१६ साली ती ८४२ भरली, आणि २०२१ साली ६१८. काही अस्वले शेजारच्या भागात सरकली असण्याची शक्यता मोजणाऱ्यांनीच नोंदवून ठेवली आहे. तरीही सुमारे पस्तीस वर्षांत जवळपास निम्मी अस्वले दिसेनाशी होणे ही साधी गोष्ट नव्हे.

यावर काही जण म्हणतात की सील नसेल तर अस्वल दुसरे काही खाईल. भूक लागली की प्राणी वाट काढतोच. याचे उत्तर २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिले. याच भागातील वीस अस्वलांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधून उन्हाळ्यात ती काय करतात ते टिपण्यात आले. कोणी नुसतेच पडून राहिले, कोणी रानबोरे, गवत, पक्षी यांवर भूक भागवायचा प्रयत्न केला, तर कोणी दूरवर पोहून गेले. निष्कर्ष काय? वीसपैकी एकोणीस अस्वलांचे वजन घटले, सरासरी दिवसाला सुमारे एक किलो. एकाचेच वाढले, त्याला मेलेला मोठा प्राणी आयता सापडला होता. ज्यांनी धडपड केली त्यांची मिळकत त्या धडपडीतच खर्ची पडली. दिवसाला एक किलो या हिशेबाने पंचवीस दिवस वाढले तर पंचवीस किलो उचल वाढली, आणि भरण्याचे तेवढेच दिवस बुडाले ते वेगळेच. खाते दोन्ही बाजूंनी खचते ते असे.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे जरूर आहे. २०१७ साली कॅनडातील हाडांचा सापळा झालेल्या एका अस्वलाची चित्रफीत जगभर गाजली आणि 'हवामानबदल असा दिसतो' असे तिच्यासोबत सांगितले गेले. पुढल्याच वर्षी ती प्रसिद्ध करणाऱ्या 'नॅशनल जिओग्राफिक'ने मान्य केले की त्या एका अस्वलाच्या उपासमारीचे नेमके कारण कोणालाच ठाऊक नव्हते. ते म्हातारे असेल, आजारी असेल. एका अस्वलावरून काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते दहा-दहा, वीस-वीस वर्षांच्या नोंदींवरून. तसेच सगळीकडे एकसारखी घट आहे असेही नाही. शास्त्रज्ञ या अस्वलांचे एकोणीस गट मानत आले आहेत. त्यांपैकी काही स्थिर आहेत. कॅनडा व ग्रीनलंड यांच्यामधील केन बेसिन या फार उत्तरेकडच्या भागात तर अतिजाड बर्फ पातळ झाल्यामुळे सध्या अस्वलांची अंगस्थिती सुधारल्याचे २०२० मध्ये आढळले. मात्र हा लाभ तात्पुरता आहे असे तेच अभ्यासक म्हणतात. जाड बर्फाचा पातळ झाला, आता पातळाचा नाहीसा होण्याची पाळी. ज्याला या विषयावर वादविवाद स्पर्धेत बोलायचे आहे त्याने ही दुसरी बाजू आधी स्वतःच मांडावी. म्हणजे समोरच्याला ती मांडून टाळ्या घेता येणार नाहीत.

बंदुकीपासून संरक्षण

पांढऱ्या अस्वलावर एकदा पूर्वीही संकट आले होते, आणि ते माणसाने निवारले होते. हा इतिहास फारसा सांगितला जात नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास या प्राण्याची बेसुमार शिकार चालू होती. अलास्कात हौशी शिकारी विमानातून पाठलाग करीत. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आमिषाला जोडलेल्या बंदुका मांडून ठेवीत. अस्वलाने तोंड घातले की गोळी आपोआप सुटे. सोव्हिएत रशियाने १९५६ सालीच शिकारीवर बंदी घातली होती. पुढे अमेरिका, सोव्हिएत रशिया, कॅनडा, नॉर्वे आणि ग्रीनलंडच्या वतीने डेन्मार्क, असे पाच देश एकत्र आले आणि १५ नोव्हेंबर १९७३ रोजी ऑस्लो येथे त्यांनी करार केला. तो काळ शीतयुद्धाचा होता. अण्वस्त्रे रोखून बसलेल्या दोन महासत्ता एका अस्वलासाठी एका कागदावर सही करतात, ही गोष्ट आम्हाला आजही नवलाची वाटते. करार १९७६ पासून अमलात आला. विमानातून व मोठ्या यांत्रिक जहाजांतून शिकार बंद झाली. स्थानिक रहिवाशांना परंपरेने चालत आलेल्या शिकारीची मुभा राहिली. स्वालबार्डसारख्या ठिकाणी अस्वलांची संख्या पुन्हा सावरली.

या करारातील दुसरे कलम विशेष महत्त्वाचे आहे. अस्वल ज्या परिसराचा भाग आहे त्या परिसराचे, त्याच्या बिळांच्या व भक्ष्य मिळवण्याच्या जागांचे रक्षण करण्याची जबाबदारी त्यात पाचही देशांनी घेतली. अस्वलाची भक्ष्य मिळवण्याची जागा म्हणजे समुद्रावरचा बर्फ, हे आपण वर पाहिलेच. म्हणजे बर्फ राखण्याचे वचन १९७३ मध्येच दिले गेले आहे! पण बंदूकवाल्याला पकडता येते. बर्फ वितळवणाऱ्याला कुठे पकडणार?

बर्फ वितळतो कशाने?

हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. तो वाढला तर पृथ्वी तापेल, असे गणित स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ सालीच मांडले होते. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली हवाई बेटांवर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज हा आकडा ४२० च्या वर गेला आहे. दगडी कोळसा, पेट्रोल, डिझेल आणि नैसर्गिक वायू यांचे ज्वलन हे त्याचे मुख्य कारण होय.

आर्क्टिक प्रदेश बाकीच्या जगापेक्षा फार वेगाने तापतो. १९७९ पासून जवळपास चौपट वेगाने तापला, असे २०२२ मधील एका अभ्यासात दिसून आले. याचे एक कारण साधे आहे. उन्हात पांढरा सदरा कमी तापतो आणि काळी छत्री अधिक तापते. समुद्रावरचा बर्फ त्याच्यावर पडलेल्या उन्हापैकी निम्म्याहून अधिक परत फेकतो. तो वितळला की खालचे काळेभोर पाणी उघडे पडते, आणि ते बहुतेक सगळे ऊन पिऊन टाकते. पाणी तापते, म्हणून आणखी बर्फ वितळतो, आणि आणखी पाणी उघडे पडते. सप्टेंबर महिन्यात हा बर्फ वर्षातील सर्वांत कमी असतो. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये तो सुमारे सत्तर लाख चौरस किलोमीटर उरला होता. २०१२ मध्ये अवघा चौतीस लाख. ही तूट आपल्या संपूर्ण भारत देशाच्या क्षेत्रफळाहून मोठी आहे. त्यानंतरच्या वर्षांत थोडा अधिक बर्फ राहिला, पण १९७९ ची पातळी पुन्हा आलेली नाही.

भारताचा या प्रदेशाशी प्रत्यक्ष संबंध आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. स्वालबार्डमधील नी-ओलेसुंद या ठिकाणी जुलै २००८ पासून 'हिमाद्री' हे भारताचे संशोधन केंद्र आहे. त्याचा कारभार आपल्या शेजारच्या गोव्यातून, वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. तिथल्या काँग्सफ्योर्ड या खाडीत भारतीय शास्त्रज्ञांनी २०१४ साली पाण्याखाली उपकरणे बसवली आणि पाण्याचे तापमान व खारटपणा मोजायला सुरुवात केली. पूर्वी ही खाडी हिवाळ्यात नेमाने गोठत असे. २००६ नंतर तिथला बर्फ फारच कमी झाला आहे. डिसेंबर २०२३ पासून भारतीय चमू तिथल्या अंधाऱ्या हिवाळ्यातही काम करू लागले. वस्तीबाहेर पडायचे तर अस्वलापासून बचावाची साधने जवळ बाळगावी लागतात, म्हणून संशोधकांना बंदूक चालवण्याचे शिक्षण घ्यावे लागते. विज्ञान शाखेच्या आपल्या मुला-मुलींनी गोव्यातील या संस्थेची माहिती जरूर मिळवावी.

कायद्याने काय केले?

मे २००८ मध्ये अमेरिकेने पांढऱ्या अस्वलाला आपल्या कायद्याखाली 'धोक्यात आलेला प्राणी' म्हणून जाहीर केले. कारण दिले बर्फाच्या ऱ्हासाचे. परंतु त्याच वेळी सरकारने हेही स्पष्ट केले की, या कायद्याचा उपयोग धूर ओकणाऱ्या उद्योगांवर निर्बंध घालण्यासाठी करता येणार नाही. अमुक एका प्रकल्पाच्या धुरामुळे अमुक अस्वलांचे इतके नुकसान झाले, असे दाखवता येत नाही, असा युक्तिवाद होता. म्हणजे रोग मान्य, रोगी मान्य. पण रोगाच्या कारणाला हात लावायचा नाही!

पंधरा वर्षांनी, २०२३ साली, स्टीव्हन ॲमस्ट्रप आणि सेसिलिया बिट्झ यांनी हा युक्तिवादच तपासला. जगात किती कर्बवायू सोडला गेला आणि कोणत्या गटातील अस्वलांचे उपासाचे दिवस किती वाढले, यांची त्यांनी सांगड घातली. अलास्का व रशिया यांच्यामधील चुक्ची समुद्रात १९७९ साली अस्वलांना बर्फाविना सुमारे १२ दिवस काढावे लागत. २०२० साली ते १३७ झाले. खर्चाच्या रकान्यात कोणाच्या नावे किती टाकायचे, हे ठरवण्याची रीत आता हाती आली आहे. हे नाव टाकताना मागील बाकीही पाहिली पाहिजे, असे आमचे मत आहे. आज वर्षाकाठी होणाऱ्या उत्सर्जनात भारत जगात तिसरा आहे हे खरे. पण औद्योगिक क्रांतीपासून साचलेल्या वायूत अमेरिका व युरोप यांचाच वाटा फार मोठा आहे, आणि दरडोई हिशेबात आपला माणूस अजूनही बराच खाली आहे.

मग तोवर अस्वलांना खाऊ घालावे काय? डेरोशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अशा आणीबाणीच्या उपायांचा विचार जाहीरपणे मांडला. उपाशी अस्वलांना अन्न पुरवणे, दुसरीकडे हलवणे, प्राणिसंग्रहालयात ठेवणे, आणि अगदी हाताबाहेर गेलेल्यांना वेदना न होता संपवणे. यातले प्रत्येक पाऊल खर्चाचे, आणि अन्न घालण्यात धोकाही मोठा. माणसाच्या हातून अन्न मिळते हे अस्वलाला एकदा कळले की ते माणसाकडेच येते. चर्चिल गावाला याचा चांगलाच अनुभव आहे. तिथल्या उघड्या उकिरड्यावर अस्वले वर्षानुवर्षे चरत असत. २००५ च्या सुमारास तो बंद करण्यात आला. गावात शिरणाऱ्या अस्वलांना पूर्वी पुष्कळदा गोळी घालीत. १९८० च्या दशकापासून त्यांना पकडून एका इमारतीत कोंडून ठेवतात. लोक तिला गंमतीने 'अस्वलांचा तुरुंग' म्हणतात. आत खायला देत नाहीत, फक्त पाणी देतात. गावाची चटक लागू नये हा हेतू. पुढे त्यांना हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडतात, किंवा समुद्र गोठल्यावर बर्फावर मोकळे करतात. अस्वल समोर आलेच तर कोणालाही आत शिरता यावे म्हणून गावकरी मोटारींना कुलूप लावत नाहीत. ऑक्टोबरच्या अखेरीस मुलांचा हॅलोविनचा सण येतो, नेमका अस्वलांच्या वर्दळीच्या दिवसांत. त्या रात्री गावाभोवती गस्त असते. एवढी शिस्त पाळून माणूस आणि अस्वल शेजारी राहू शकतात, हे या छोट्या गावाने दाखवून दिले आहे. पण गस्त घालून बर्फाचे आठवडे वाढत नाहीत.

इन्युइट लोकांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांच्यापैकी अनेकांचे म्हणणे असे की अस्वले कमी झालेली नाहीत, उलट वस्तीजवळ अधिक दिसतात. शास्त्रज्ञ म्हणतात, ती जमिनीवर अधिक दिवस राहतात म्हणून अधिक दिसतात. आम्हाला वाटते, दोघेही आपापल्या डोळ्यांनी पाहिलेलेच सांगत आहेत. आंतरराष्ट्रीय व्यापार करारात या अस्वलाच्या कातड्याच्या व्यापारावर पूर्ण बंदी घालण्याचा प्रस्ताव अमेरिकेने २०१० व २०१३ मध्ये मांडला, तेव्हा कॅनडा व इन्युइट संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला आणि तो दोन्ही वेळा पडला. ठरावीक संख्येत शिकार करून पोट भरणाऱ्या माणसावर सगळा दोष टाकायचा, आणि कोळसा व तेल जाळणाऱ्यांनी अस्वलाचे चित्र भिंतीवर लावायचे, हा न्याय त्यांना पटला नाही. त्यांचे म्हणणे खोडून काढणे आम्हाला तरी जमलेले नाही.

पुढील हिशेब

जगात आज ही अस्वले बावीस हजार ते एकतीस हजारांच्या दरम्यान असावीत, असा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश कॅनडात आहेत. २०२० साली पीटर मोल्नार व सहकाऱ्यांनी उपासाच्या दिवसांची मर्यादा धरून गणित मांडले. वायू असाच सोडत राहिलो तर २१०० सालापर्यंत फार उत्तरेकडचे थोडे गट वगळता बाकीचे तगणे कठीण आहे. उत्सर्जन मध्यम प्रमाणात आवरले तर अधिक गट या शतकापुरते टिकतात. मात्र दक्षिणेकडच्या काहींचे नुकसान तरीही टळत नाही. याआधी २०१० साली ॲमस्ट्रप यांनी दाखवले होते की उन्हाळी बर्फाचा ऱ्हास तापमानाच्या प्रमाणात होतो. 'आता काही करून उपयोग नाही' अशी वेळ आलेली नाही. तापमानवाढ जिथे थांबेल, तिथे बर्फाची गळतीही थांबेल.

शेवटचा बर्फ कॅनडा व ग्रीनलंडच्या उत्तरेस टिकून राहील असे अनुमान आहे. तिथला सुमारे ३,२०,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून किंचित मोठा समुद्र कॅनडाने ऑगस्ट २०१९ मध्ये संरक्षित घोषित केला. त्याचे इन्युइट नाव 'तुवाइयुइत्तुक', म्हणजे 'जिथला बर्फ कधी वितळत नाही ती जागा'. पाच देशांनी २०१५ साली ग्रीनलंडमधील इलुलिसाट येथे दहा वर्षांचा कृती आराखडा मान्य केला, आणि हवामानबदल हाच मुख्य धोका असल्याचे त्यात लिहिले. रशियाच्या उत्तरेकडील कारा व लॅप्टेव्ह समुद्रांतील अस्वलांची मात्र धड मोजणीसुद्धा झालेली नाही. युक्रेनचे युद्ध २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून त्या बाजूच्या शास्त्रज्ञांबरोबरचे कामही अवघड होऊन बसले आहे.